कारणाचा रकाना

मुख्याध्यापकाचे निम्मे आयुष्य रजिस्टरात जाते. हजेरीपट, आवक-जावक, कॅशबुक, पोषण आहाराची नोंदवही आणि या सगळ्यांचे मूळपुरुष म्हणजे जनरल रजिस्टर. मूल शाळेत दाखल झाले त्या दिवसापासून शाळा सोडून जाईपर्यंतचा त्याचा सारा संसार त्या एका आडव्या ओळीत मावतो. नाव, आईचे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, मागील शाळा, प्रगती, वर्तणूक आणि शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण'. या शेवटच्या रकान्यात आम्ही काय लिहितो? 'पालकाच्या विनंतीवरून', 'पुढील शिक्षणासाठी', 'दहावी उत्तीर्ण'. तीस वर्षांच्या नोकरीत अशा हजारो दाखल्यांवर मी सह्या केल्या असतील. कारण लिहिणे हे इतके सवयीचे काम की त्यात अवघड ते काय, असेच कोणालाही वाटावे.

ते किती अवघड असते हे मला हैदराबादेत, एका पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्यावर कळले.

आमच्या देगलूर-बिलोली भागातल्या माणसाला हैदराबाद परके नाही. मुंबई आम्हाला राजधानी म्हणून ठाऊक. पण दुखले-खुपले, बस्ता बांधायचा झाला, पोराला कामधंद्याला लावायचे झाले तर आमची पावले हैदराबादेकडेच वळतात. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, पुढे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होतो. राज्यपुनर्रचनेत बिच्कुंदा आणि जुक्कल ही देगलूर तालुक्यातली मंडळे तिकडे गेली, मुधोळ-भैंसा तिकडे गेले आणि आम्ही इकडे राहिलो. सीमा नकाशावर पडली. सोयरिकी मात्र तशाच राहिल्या. मी स्वतः उस्मानिया विद्यापीठातून मराठी घेऊन एम. ए. झालो. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तके चाळत घालवलेल्या संध्याकाळी आजही आठवतात.

अलीकडे आमच्या भागातली मुले दहावीनंतर हैदराबादेस 'इंटर' करायला जातात. तिकडे अकरावी-बारावीला इंटरमिजिएट म्हणतात. गणिताचा गट, जीवशास्त्राचा गट, वसतिगृह, पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासिका, दर आठवड्याला परीक्षा, आणि भिंतीवर आधीच्या वर्षीच्या रँकवाल्यांचे फोटो. बापाने म्हैस विकावी, आईने पाटल्या मोडाव्यात आणि पोराने इंजिनिअर होऊन यावे, अशी ती वाट. काही येतातही. त्यांचे सत्कार आम्ही शाळेच्या स्टेजवर करतो, शाल-श्रीफळ देतो.

काही वर्षांपूर्वी असाच गेलेला आमचा एक विद्यार्थी तिथल्या वसतिगृहात वारला. त्याने जीव दिला. त्याचे नाव मी इथे देत नाही, गावही सांगत नाही, आणि ते कसे घडले हेही सांगणार नाही. तसे सांगू नये, कारण तशा वर्णनाने आणखी कोणाचे मन डळमळते, असे या विषयातले जाणकार सांगतात आणि ते खरे आहे. त्याच्या वडिलांना तेलुगू येत नव्हते, उर्दूही बेताचेच. म्हणून 'सर, तुम्ही संगं चला' म्हणून ते मला घेऊन गेले.

ठाण्यातला फौजदार सभ्य माणूस होता. त्याने आम्हाला चहा पाजला. पंचनामा तेलुगूत लिहून झाला होता. फक्त बापाचा जबाब राहिला होता. लिहिता लिहिता तो थांबला आणि दख्खनीत मला म्हणाला, "मास्टरसाब, वजा क्या लिखूं?"

मी वडिलांकडे पाहिले. ते बराच वेळ जमिनीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पोटदुखी लिवा म्हणा सर. लहानपणापासून पोटाचा तरास व्हता म्हणा."

त्या मुलाला पोटाचा काही आजार नव्हता. पाच वर्षे तो माझ्या डोळ्यांसमोर वाढला होता; कबड्डीत त्याला कोणी अडवू शकत नसे. पण घरी त्याची धाकटी बहीण होती, गावात भावकी होती, आणि उद्या गावात तोंड दाखवायचे होते. बापाने जे सांगितले ते मी दख्खनीत सांगितले, फौजदाराने ते तेलुगूत लिहिले. तीन भाषांतून फिरून 'पोटदुखीला कंटाळून' हे शब्द कागदावर उतरले. मराठी वर्तमानपत्रांच्या तालुका पानावर हे दोन शब्द आपण किती वेळा वाचले असतील! आता ते वाचताना मला दरवेळी वाटते, की या पोटाच्या आड काय दुखत असेल?

नंतर वसतिगृहातल्या त्याच्या सोबत्यांकडून थोडे थोडे कळत गेले. आठवड्याच्या परीक्षेत मागे पडला म्हणून त्याला वरच्या तुकडीतून खालच्या तुकडीत बसवले होते. फीचा दुसरा हप्ता थकला होता. घरच्या पिकाला त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. दोन रविवार त्याने घरी फोन केला नव्हता. यातले कारण कोणते? यातले प्रत्येक कारण हजारो मुलांच्या वाट्याला येते आणि ती मुले जगतात. सगळी एकत्र आली आणि त्या वेळी शेजारी कोणी नव्हते, एवढेच म्हणता येते. पण रकान्यात एकच कारण मावते.

त्या कागदाचा पुढचा प्रवास मला नोकरीच्या सवयीने शोधावासा वाटला. शासकीय कागद कुठून कुठे जातो हे आम्हा लोकांना हुडकता येते. ठाण्यातली नोंद जिल्हा गुन्हे अभिलेख केंद्रात, तिथून राज्याच्या केंद्रात, आणि तिथून दिल्लीस राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जाते. 'भारतातील अपघाती मृत्यू आणि आत्महत्या' या नावाचा अहवाल १९६७ सालापासून निघतो. १९८६ मध्ये हा विभाग स्थापन झाल्यावर ते काम त्याच्याकडे आले. २०२२ सालच्या अहवालात देशभरातला आकडा १,७०,९२४ आहे. म्हणजे लाखामागे १२.४. त्यातले १३,०४४ विद्यार्थी. महाराष्ट्राचा आकडा देशात सर्वांत मोठा, २२,७४६. तेलंगणाचा ९,९८०. कारणांच्या तक्त्यात कौटुंबिक प्रश्न ३१.७ टक्के आणि आजारपण १८.४ टक्के. आमचा मुलगा त्याच्या सालच्या अशाच एका तक्त्यात, 'आजारपण' या ओळीत, तेलंगणाच्या खात्यावर मोजला गेला असणार.

इथेच मला पहिली खोच जाणवली. मृत्यू जिथे घडला तिथे तो मोजतात. मुलगा नांदेड जिल्ह्याचा, दहावी महाराष्ट्र मंडळाची, घर इकडे, शोक इकडे; पण नोंद तिकडे. आमच्या जिल्ह्याच्या पोलिसांना, शिक्षणाधिकाऱ्यांना, जिल्हा शल्यचिकित्सकांना त्याचे काहीही कळण्याचे कारण नाही. आमच्या तालुक्यातून दरवर्षी किती मुले हैदराबादेस जातात आणि त्यांचे काय होते, हे सांगणारा एकही कागद दोन्हीकडच्या कोणत्याही कचेरीत मला मिळाला नाही. आमच्या जनरल रजिस्टरात तर त्याच्या नावापुढे 'पुढील शिक्षणासाठी' एवढेच आहे. ते चूक नाही, पण पूर्णही नाही.

दुसरी खोच अशी, की नोंद पोलिसांची आहे. पोलिसाला पाहायचे असते ते एवढेच, की यात कोणाचा घातपात तर नाही ना. तो नाही असे दिसले की त्याचे काम संपते. प्रकरण 'अकस्मात मृत्यू' म्हणून मिटते. आरोग्य खात्याला हवी असते ती माहिती वेगळी: याआधी कधी प्रयत्न झाला होता का, उपचार चालू होते का, कोणाला काही बोलून दाखवले होते का. शिक्षण खात्याला हवी ती आणखी वेगळी. महसूल खात्याची तिसरीच. एकाच माणसाच्या मरणाचे चार तुकडे चार कपाटांत, आणि चारी कपाटांच्या किल्ल्या वेगवेगळ्या हातांत.

हे मोजमाप कमी पडते हे तज्ज्ञांनी दाखवून दिलेले आहे. २०१० साली पोलिसांकडचा आकडा सुमारे १,३४,६०० होता. त्याच वर्षासाठी घरोघर जाऊन, मृत्यूची हकीकत विचारून जो मोठा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात अंदाज निघाला सुमारे १,८७,०००. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे ते काम. मधली पन्नास हजारांवर माणसे गेली कुठे? ती कुठेही गेली नाहीत. ती आजारात, अपघातात आणि 'कारण अज्ञात' मध्ये बसली आहेत. माझ्याबरोबर बाकावर बसलेल्या बापासारख्यांनी ती तिथे बसवली आहेत, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही.

कारण लाज ही नुसती मनाची नव्हती, कायद्याचीही होती. भारतीय दंडविधानाचे ३०९ कलम वाचलेल्या माणसालाच गुन्हेगार ठरवत होते. दवाखान्यात आणलेला माणूस शुद्धीवर यायचा तो दाराशी पोलीस बघत. मग घरचे लोक 'चुकून झाले' असेच सांगणार. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला, असे मानले की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता. त्याला शिक्षा नव्हे, शासनाने उपचार आणि आधार द्यावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तीत ते जुने कलम तसे उरलेच नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून अडवण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरती तरतूद राहिली. कायदा बदलला, आता भाषा बदलायला हवी. मराठीचा विद्यार्थी म्हणून मला 'आत्महत्या' या शब्दातली 'हत्या' नेहमी टोचते. खेड्यातली माणसे 'जीव दिला' म्हणतात, 'जिवाचं बरंवाईट करून घेतलं' म्हणतात. त्यात कोणावर खटला भरलेला नसतो; एक हळहळ असते. कचेरीने शब्द खेड्याकडून घेतले असते तर बरे झाले असते.

मोजण्याचा आणि मदतीचा संबंध किती गुंतागुंतीचा असतो, हे पाहायला आम्हाला लांब जावे लागत नाही. मांजरा नदीच्या या काठावर आणि त्या काठावर जमीन तीच, कापूस-सोयाबीन तेच, सावकारही पुष्कळदा तोच. महाराष्ट्रात २००५-०६ च्या सुमारास ठरले, की कर्जापायी जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाखाचे साहाय्य: ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावे लागते. जमीन नावावर आहे का, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, हे जिल्ह्याची समिती तपासते. म्हणजे ज्या घराने कालपर्यंत 'पोटदुखी' म्हणून झाकले, त्याच घराने तेराव्यानंतर सिद्ध करायचे की तो कर्जानेच गेला. बिनपरवाना सावकाराची चिठ्ठी कागद ठरत नाही. बाईच्या नावावर सातबारा नसतो. ती उभे आयुष्य रानात खपली तरी गेल्यावर कागदावर 'गृहिणी'. २०२२ च्या अहवालात अशा गृहिणी पंचवीस हजारांहून अधिक आहेत. त्यांतल्या किती जणींच्या हातात खुरपे होते, कोण सांगणार? ग्रामीण भागाचे अभ्यासक पत्रकार पी. साईनाथ यांनी हा प्रश्न फार पूर्वीपासून मांडला आहे.

पलीकडेही आधी असेच होते. अविभक्त आंध्रात २००४ मध्ये शासन निर्णय ४२१ निघाला, पडताळणीसाठी तीन सदस्यांच्या समित्या आल्या. तेलंगणा झाल्यावर २०१५ मध्ये मदतीची रक्कम सहा लाखांवर नेली. मग २०१८ च्या ऑगस्टमध्ये 'रयतु बीमा' ही योजना आली: १८ ते ५९ वयाच्या पट्टेदार शेतकऱ्याचा मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी घराला पाच लाख, विम्याचा हप्ता शासन भरणार. विधवेला काही सिद्ध करायचे उरले नाही. माणुसकीच्या दृष्टीने मला ही व्यवस्था अधिक सभ्य वाटते. पण तिची एक दुसरी बाजू आहे. कारण सांगण्याची गरजच संपली, की कारण सांगणार कोण? तेलंगणातला शेतकरी-शेतमजुरांचा पोलिसी आकडा २०१५ मध्ये १,४०० होता, २०२२ मध्ये तो दोनशेच्या आत आला. पाणी आले, अनुदान आले, त्याचाही वाटा असेलच. पण किती माणसे खरोखर वाचली आणि किती नुसती दुसऱ्या रकान्यात गेली, हे या आकड्यावरून सांगता येत नाही. आणि जो बटाईने, कौलाने जमीन कसतो त्याच्या नावावर पट्टा नाही. तो या विम्यातही नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हैदराबादने २०१९ मध्ये जे पाहिले ते विसरता येत नाही. १८ एप्रिलला इंटरचे निकाल लागले. नऊ लाखांहून अधिक मुले परीक्षेस बसली होती. त्यांतली तीन लाखांवर नापास झाली. गुणपत्रिकांत घोळ निघाले. एका मुलीला तेलुगूत शून्य गुण दाखवले होते, तपासल्यावर ते ९९ निघाले. पुढच्या काही दिवसांत राज्यभरातून वीसहून अधिक मुलांच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. नामपल्लीत मंडळाच्या कचेरीपुढे आईबाप ठाण मांडून बसले. शासनाने त्रिसदस्य समिती नेमली, नापास झालेल्या सर्वांच्या उत्तरपत्रिका विनाशुल्क पुन्हा पडताळल्या, आणि हजाराहून अधिक मुले उत्तीर्ण ठरली.

मी त्या दिवसांत रोज पेपर वाचत होतो. मला खटकले ते असे, की गुणांची फेरपडताळणी करायला यंत्रणा होती; पण गेलेल्या मुलांची मोजदाद वर्तमानपत्रे आणि पालकांच्या, बालहक्कांच्या संघटना करत होत्या. कोणाचा निकालाशी संबंध होता, कोणाचा नव्हता, याची शांतपणे, घरी जाऊन, दोष न देता चौकशी करणारी कायमची माणसे कोणत्याच खात्याकडे नव्हती. असे नाही की कोणाला ठाऊक नव्हते. खासगी निवासी ज्युनिअर कॉलेजांतल्या मृत्यूंवर २००१ मध्ये नीरदा रेड्डी समिती नेमली गेली होती. समिती येते, अहवाल येतो, पुन्हा एप्रिल येतो.

ज्या देशांनी मोजले आणि मोजून काही केले, त्यांचे काय झाले? फिनलंड या लहानशा देशाने १९८७ या एका वर्षातल्या साऱ्या मृत्यूंचा, म्हणजे जवळजवळ चौदाशे माणसांचा, घरोघर जाऊन अभ्यास केला. नातेवाइकांशी, डॉक्टरांशी बोलून प्रत्येकाच्या शेवटच्या दिवसांची हकीकत लिहून काढली. त्यावर राष्ट्रीय कार्यक्रम बेतला. १९९० साली लाखामागे तीसवर असलेले प्रमाण पुढच्या काही दशकांत निम्म्यावर आले. आपल्या शेजारच्या श्रीलंकेने सर्वांत जहाल कीटकनाशके एकामागून एक बंद केली. १९९५ नंतर तिथले प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. आपल्याकडे तमिळनाडूने नापास मुलांना लगेच पुरवणी परीक्षा देऊन वर्ष वाचवण्याची सोय केली. चेन्नईत १९८६ मध्ये 'स्नेहा' ही संस्था काढणाऱ्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी या सोयीचे महत्त्व वारंवार सांगितले आहे. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैत होऊ लागली. तिचे मोल मला विचारा. पूर्वी जूनमध्ये नापास झालेले पोर सहा महिने गावात तोंड चुकवीत फिरे. आता महिनाभरात पुन्हा दप्तर घेऊन शाळेत येते. एका वेळापत्रकाच्या बदलाने जे होते ते शंभर व्याख्यानांनी होत नाही.

आमचे एक स्नेही निवृत्त तलाठी आहेत. त्यांनी एकदा मला सरळ विचारले, "सर, आकडे मोजून माणूस परत येतो का?" मी म्हटले, "तो येत नाही. पण पटकीच्या साथीत विहिरी कोणत्या दूषित आहेत हे मोजूनच कळते ना? तुम्ही पीक पाहणी कशाला करत होता?" ते हसले, पण त्यांची पुढची शंका खरी होती. "उद्या हैदराबादचे पोलीस गावच्या शाळेला पत्र पाठवतील, शिपाई ते चावडीवर वाचेल, आणि त्या घराच्या पोरीची सोयरीक मोडेल." हे खरे आहे. म्हणून माहिती फिरावी ती नावाने नव्हे. तालुका, वय, इयत्ता, परिस्थिती एवढीच. नाव एकाच आरोग्य अधिकाऱ्याकडे, कुलुपात. त्याने त्या घरी जावे, पण जीप घेऊन नव्हे.

केंद्र शासनाने २१ नोव्हेंबर २०२२ रोजी पहिले राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले. २०३० पर्यंत या मृत्यूंचे प्रमाण दहा टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट. तीन वर्षांत माहिती गोळा करण्याची पक्की यंत्रणा, पाच वर्षांत प्रत्येक जिल्ह्यात मानसिक आरोग्याचा बाह्यरुग्ण विभाग, आठ वर्षांत शिक्षणसंस्थांत मानसिक स्वास्थ्याचा अभ्यासक्रम. आरोग्य, शिक्षण, गृह, कृषी अशा साऱ्या खात्यांनी हातात हात घालावेत असे त्यात म्हटले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणममधल्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, मुलांना चारचौघांत लाजवू नये. शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळक लावावेत. गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, हे वाचताना मी थोडा वेळ थांबलो. पत्रक खाली ठेवले आणि मग पुन्हा उचलले.

आता आमच्यासारख्या शाळेत समुपदेशक कुठून आणायचा? गणिताची जागा भरायला आम्हाला वर्षे लागतात. म्हणून वाट बघत न बसता जे हाताशी आहे ते करायचे आम्ही ठरवले. व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ, जिथे मुले हमखास जातात तिथे 'टेलीमानस'चा १४४१६ हा क्रमांक रंगवून घेतला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते, आणि आपल्या भाषेत बोलता येते. हैदराबादेत १९९७ पासून 'रोशनी' ही स्वयंसेवी संस्था हेच काम करते. तिचे स्वयंसेवक फोनवर उपदेश करत नाहीत, ऐकतात. ऐकणे हे शिकावे लागते. आम्हा शिक्षकांना तर फारच, कारण आमची सवय बोलण्याची.

आणि एक वही केली. दहावीनंतर जिल्ह्याबाहेर शिकायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, वसतिगृहाचा पत्ता, वॉर्डनचा फोन, मुलाचा फोन. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्या जुन्या वर्गशिक्षकाने फोन करायचा. मार्क विचारायचे नाहीत, हा एकच नियम. फोन दोनदा लागला नाही तर वॉर्डनला. वॉर्डनला काही वेगळे वाटले तर आईबापांना. यात शासनाचा आदेश नाही, अनुदानही नाही. नांदेड आणि कामारेड्डी, दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी महिन्यातून एक कागद एकमेकांकडे पाठवावा, एवढी विनंती मात्र आम्ही लेखी केली आहे. आवक-जावक क्रमांक आमच्याकडे आहे.

यंदा या वहीत अकरा नावे आहेत, त्यांत सात हैदराबादची. गेल्या महिन्यात एका मुलीने आमच्या बाईंना फोनवर विचारले, "बाई, मी परत आले तर शाळेत काय म्हणतील?" बाईंनी तिला आधी जेवली का ते विचारले, मग पाऊण तास ऐकून घेतले, आणि त्याच रात्री तिच्या आईला कळवले. आई दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या एस.टी.ने गेली. दिवाळीला ती मुलगी घरी येते आहे. सुटीनंतर ती परत जाणार की इथल्याच कॉलेजात नाव घालणार, हे अजून ठरलेले नाही. घरात त्यावर बोलणे चालू आहे, आणि ते आरडाओरडा न करता चालू आहे, असे तिच्या आईने मला सांगितले.

वाचकहो, आपल्याही घरातले कोणी शिकायला दूर असेल. फराळाचा डबा पाठवाल तेव्हा एक फोनही करा; आणि या वेळी निकाल विचारू नका.